बाहेरचे तास आणि आतला वर्ग

वऱ्हाडात प्राध्यापकांच्या बाहेरच्या शिकवण्याचा विषय निघाला की संभाषण बहुधा दोन वाक्यांत संपते. एक जण म्हणतो, ‘एवढा पगार मिळूनही यांचे भागत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘आपल्या वेळेत कोणी काय करावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.’ पहिल्या वाक्यात विचारापेक्षा असूया अधिक आहे. दुसऱ्या वाक्यात ‘आपली वेळ’ हे शब्द गृहीत धरलेले आहेत आणि खरा वाद नेमका त्याच शब्दांचा आहे. पूर्ण वेतन घेणाऱ्या शिक्षकाची स्वतःची वेळ कोणती आणि विद्यार्थ्यांच्या मालकीची वेळ कोणती, हे एकदा नीट ठरले तर या प्रश्नाचा अर्धा भाग सुटेल. उरलेला अर्धा भाग शिक्षकाच्या नीतीचा नाही, शासनाच्या नीतीचा आहे. दोहोंचा विचार एकत्र केल्याखेरीज या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे लागेल की, ‘बाहेरचे शिकवणे’ हे एक काम नव्हे. अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापक रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून जातो. दुसरा एखाद्या विनाअनुदानित संस्थेत आठवड्यातून चार तास घेतो. तिसरा पहाटे व सायंकाळी वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. चौथा व्याख्यानमालेत किंवा खेड्यातल्या शिबिरात बोलतो. विद्यापीठाच्या कार्यालयात काम करणारा, पदव्युत्तर पदवी घेतलेला व ‘सेट’ उत्तीर्ण झालेला लिपिकही संध्याकाळी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो. या सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल आणि सर्वांनाच मोकळीक देणे त्याहून घातक ठरेल.

चाळीस तासांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार स्पष्ट शब्दांत ठरवला. वर्षात ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस, आणि आठवड्याला किमान ४० तास. त्यांपैकी प्रत्यक्ष वर्गातील अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापकाला व प्राध्यापकाला १४ तास. शिवाय दररोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असणे आवश्यक.

समाजात चर्चा होते ती १६ तासांची. ‘दिवसाला तीन तास शिकवायचे आणि महिनाभराचा पगार घ्यायचा’ हा टोमणा प्रत्येक प्राध्यापकाने ऐकलेला आहे. दुर्दैवाने काही प्राध्यापकांचाही समज तसाच झालेला दिसतो. १६ तास संपले की उरलेला आठवडा आपला, असे त्यांना वाटते. हिशेब मांडून पाहू. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते बाजूला ठेवले तरी वर्षाचे ६,९२,४०० रुपये होतात. वर्गातले तास ४८०. म्हणजे तासाला सुमारे १,४४२ रुपये. परंतु हे वेतन ४८० तासांचे नाही, १,२०० तासांचे आहे. त्या हिशेबाने दर तासाला ५७७ रुपये पडतात. वर्गात न दिसणारे ७२० तास वाचनासाठी, टाचणांसाठी, संशोधनासाठी, उत्तरपत्रिका काळजीपूर्वक तपासण्यासाठी आणि वर्ग संपल्यावर दारात घुटमळणाऱ्या मुलाची शंका ऐकण्यासाठी समाजाने आधीच विकत घेतलेले आहेत. विकलेली वस्तू दुसऱ्यांदा विकता येत नाही, हा व्यवहाराचा साधा नियम आहे.

वऱ्हाडी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी अर्थशास्त्राची गरज नाही. सालदार आणि रोजंदार यांतला फरक त्याला ठाऊक आहे. सालाने राहिलेला माणूस मालकाच्या वावरात पेरणी खोळंबलेली असताना शेजाऱ्याच्या वावरात रोजाने गेला, तर गाव त्याला काय म्हणेल? प्राध्यापक कोणाचा गडी नव्हे, हे खरे. पण जी प्रतिष्ठा त्याला आहे ती करार अधिक कसोशीने पाळण्यासाठी आहे, कमी पाळण्यासाठी नाही. आणि चाळीस तासांच्या पलीकडे आठवड्यात संध्याकाळ आहे, रविवार आहे, सुट्ट्या आहेत. त्या मात्र निःसंशय त्याच्या स्वतःच्या आहेत. तेथे त्याने शिकवले, लिहिले अथवा नुसते बागकाम केले, तरी कोणी हरकत घेण्याचे कारण नाही.

अ‍ॅडम स्मिथने काय केले

आमच्या शास्त्राचा जनक मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ या प्रश्नात दोन्ही बाजूंनी साक्षीला येतो, ही गमतीची गोष्ट आहे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांवर कठोर टीका केली. ज्यांचे वेतन कामावर अवलंबून नाही त्यांनी शिकवण्याचे सोंगसुद्धा टाकून दिले आहे, असा तिचा आशय होता. शिक्षकाचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून असले म्हणजे तो मेहनत करतो, हे त्याचे प्रतिपादन. खाजगी क्लासच्या समर्थकांना याहून मोठा आधार कोणता हवा?

परंतु स्मिथ स्वतः ग्लासगो विद्यापीठात १७५१ पासून प्राध्यापक होता. बकलूच्या तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून परदेशी जाण्याचे निमंत्रण त्याला आले. वर्षाला ३०० पौंड, आणि पुढे तेवढेच आजन्म निवृत्तिवेतन. विद्यापीठातील प्राप्तीपेक्षा ही रक्कम बरीच मोठी होती. १७६४ च्या आरंभी, सत्र अर्ध्यावर असताना, तो निघाला. निघण्यापूर्वी अपुऱ्या राहिलेल्या व्याख्यानांसाठी त्याने दुसरा शिक्षक नेमून दिला आणि विद्यार्थ्यांचे शुल्क परत केले. विद्यार्थी पैसे घेईनात, तेव्हा त्याने ते आग्रहाने घ्यायला लावले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. नंतर त्याने प्राध्यापकपदाचा राजीनामाही दिला. बाहेरचे शिकवणे त्याने पाप मानले नाही. मात्र एक खुर्ची सांभाळून दुसऱ्या खुर्चीचे मोल घेणे त्याला मान्य नव्हते. त्याच्या ग्रंथाचा आधार घेणाऱ्यांनी त्याच्या वागण्याचाही आधार घ्यावा.

स्मिथचे निदान आजही खोटे ठरलेले नाही. सकाळी महाविद्यालयात मरगळलेला दिसणारा शिक्षक सायंकाळी क्लासमध्ये त्वेषाने शिकवतो, हे विद्यार्थी पाहतातच. म्हणजे अंगी गुण नाहीत असे नव्हे. तथापि, यावर उपाय म्हणून सर्वच शिक्षण शुल्काच्या तागडीत टाकावे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. बाजार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या विषयांना भाव देतो. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान यांचा क्लास कोण लावणार? दर्यापूरच्या अथवा तेल्हाऱ्याच्या महाविद्यालयात बारा मुलांचा अर्थशास्त्राचा वर्ग बाजाराच्या न्यायाने कधीच चालणार नाही. तो चालतो, कारण शिक्षकाचे वेतन त्या बारा मुलांच्या खिशातून येत नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्याच्या मुलाला बाजाराच्या दयेवर सोडायचे नाही, म्हणूनच. वेतन ही त्या मुलाची ढाल आहे. शिक्षकाने ती आपल्या सोयीची उशी करू नये.

बाहेर जाण्याची चांगली वाट

बाहेर जाऊन शिकवण्याने शिक्षकाचे नुकसानच होते, असे मुळीच नाही. आर. एच. टॉनी हा इंग्रज अर्थेतिहासकार १९०८ पासून रॉचडेल व लाँग्टन येथे कामगार शिक्षण संघटनेचे वर्ग घेत असे. विणकर, कुंभारकाम करणारे, खाणकामगार दिवसभर राबून त्याच्यापुढे येऊन बसत आणि त्याचे म्हणणे निमूटपणे मान्य करत नसत. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या, सोळाव्या शतकातील शेतीप्रश्नावरील आपल्या ग्रंथात त्याने या विद्यार्थ्यांचे ऋण उघडपणे मान्य केले. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेत संशोधन करताना प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची धुरा वाहिली. त्या अनुभवाने त्यांचे अर्थशास्त्र समृद्धच झाले.

वऱ्हाडातील आजची अशी वाट म्हणजे मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांच्यापुढे प्रश्न होता की गावोगावच्या विद्यार्थ्यांना शिकवणार कोण? उत्तर शोधले गेले ते चालू महाविद्यालयांच्या इमारतींत आणि तेथील शिक्षकांत. सुट्टीच्या दिवशी तेच वर्ग, तेच फळे आणि बहुधा तेच प्राध्यापक. समोर मात्र एस.टी.चा वाहक, अंगणवाडी सेविका, संसारात शिक्षण तुटलेली गृहिणी, कनिष्ठ लिपिक. या लेखाच्या वाचकांतही त्या रविवारांतून पदवीधर झालेले पुष्कळ असतील. या कामाचे मानधन थोडे असते, वेळ शिक्षकाचा स्वतःचा असतो, आणि ते सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते. याला आक्षेप घेणारा माणूस त्या विद्यार्थ्यांचा शत्रूच म्हटला पाहिजे.

अकोल्याने याहून पुढची वाट फार पूर्वी दाखवली आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या तेथील कृषी विद्यापीठाची कामे तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. तेथील शास्त्रज्ञ शिवारफेरीत शेतकऱ्याला कपाशी, तूर, हरभरा यांची वाणे उभ्या पिकात दाखवतो, तेव्हा तो बाहेरचे काम करत नसतो. तेच त्याचे काम असते. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने शेतीविस्ताराला पगारी कामाचा दर्जा दिला, त्याच विचाराचे हे रूप. बिगरकृषी विद्यापीठांनी यापासून काही शिकले का? १ मे १९८३ रोजी जन्मलेल्या आणि पुढे संत गाडगेबाबांचे नाव धारण केलेल्या अमरावती विद्यापीठाला तर हा प्रश्न विशेषच लागू पडतो. ज्या महापुरुषाची पाठशाळा गावाच्या चावडीपुढे भरे, त्याच्या नावाच्या विद्यापीठात गावात जाऊन शिकवणे हे शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जाऊ नये काय?

क्लासची गोष्ट वेगळी

अकोला हे गेल्या काही दशकांत वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या क्लासचे मोठे केंद्र झाले आहे. बुलडाणा, वाशीम, अकोट, बाळापूर येथून मुले येतात, खोल्या भाड्याने घेऊन राहतात, खानावळीत जेवतात. क्लास चालवणाऱ्याला गुन्हेगार समजण्याचे कारण नाही. स्वतःचे भांडवल व श्रम घालून जो पूर्णवेळ क्लास चालवतो त्याचा धंदा प्रामाणिक आहे. प्रश्न आहे तो अनुदानित पदावर सही करून क्लासमध्ये शिकवणाऱ्याचा.

शाळेच्या शिक्षकाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने खाजगी शिकवणी सरळ वर्ज्य केली आहे. महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाबतीत अनुदान आयोगाची आचारसंहिता एवढेच सांगते की, कर्तव्यात अडथळा आणू शकेल अशी अन्य नोकरी वा बांधिलकी, शिकवण्या आणि क्लास यांसह, टाळावी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लाससंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा, शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत क्लास भरवू नये, असे त्यांत म्हटले आहे. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती तक्रार करू शकणाऱ्याची. ज्याच्या हाती प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, तोच क्लासमध्ये शुल्क घेऊन शिकवत असेल, तर त्याच्या वर्गातला विद्यार्थी कोणाकडे दाद मागणार? येथे प्रश्न वेळेचा राहत नाही, हितसंबंधांच्या संघर्षाचा होतो. आपल्याच विद्यार्थ्याकडून वर्गाबाहेर शिकवण्याचे पैसे घेणे, ते रविवारी घेतले तरीही, अयोग्यच. क्लासला पैसे नसलेला, अकरा वाजताच्या तासासाठी खेड्यातून एस.टी.ने आलेला मुलगा रिकाम्या वर्गात बसून परत जातो, तेव्हा त्याचे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

ज्यांचे सगळेच तास बाहेरचे

आता दुसरी बाजू. पूर्ण वेतनाच्या शिक्षकाला बाहेरचे काम हे पुरवणी असते. परंतु आपल्या महाविद्यालयांत आज असा मोठा वर्ग आहे की, ज्याचे सर्वच काम बाहेरचे. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक म्हणजे आमच्या विद्येच्या वावरातले रोजंदार. पात्रता तीच, विषय तोच, विद्यार्थी तेच. वेतन मात्र घेतलेल्या तासापुरते. त्या तासामागच्या तयारीला मोल नाही. सुट्टीच्या महिन्यांत उत्पन्न नाही. मानधन हाती येण्यास कित्येक महिने लागतात. पूर्ण कार्यभार एका जागी मिळत नाही, म्हणून तीन दिवस एका गावी आणि तीन दिवस दुसऱ्या गावी असे अपडाऊन करावे लागते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या वाटेवरच्या गाड्यांत दप्तर मांडीवर घेऊन उत्तरपत्रिका तपासणारे तरुण कोण, हे वाचकांना सांगायला नको.

अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला अधिकात अधिक ५०,००० रुपये असा दर सुचवला. आपल्या राज्याने २०२३ साली तासिकेचे मानधन वाढवले, तरी ते त्या दरापर्यंत पोचले नाही. अशा माणसाने संध्याकाळी क्लासमध्ये शिकवले तर त्याला आचारसंहिता दाखवणे ही क्रूर थट्टा होईल. ज्याचे तास समाजाने विकतच घेतले नाहीत, त्याच्या तासांवर समाजाचा हक्क कसा पोचेल?

हा वर्ग निर्माण कसा झाला? पदे रिकामी ठेवल्याने. २०१८ साली राज्य शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. त्यांपैकी २,०८८ पदे २०२१ पर्यंत भरायचीच राहिली होती. योगायोग असा की, जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते मूर्तिजापूर हा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदवला गेला. इच्छा असली की शासनयंत्रणा तासांच्या हिशेबाने काम करू शकते. शिक्षकांच्या नेमणुकीच्या वेळी मात्र ती वर्षांच्या हिशेबाने चालते. पद रिकामे राहिले की अनुदानाची बचत होते, असे वित्त विभागाला वाटते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही बचत नव्हे. खर्च शासनाच्या वहीतून काढून तरुण शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या वहीत लिहिण्याचा हा प्रकार आहे.

काय करता येईल

टीका करून थांबणे सोपे आहे. पहिली सूचना अशी की, बाहेरच्या शिकवण्याची परवानगी लेखी असावी आणि तिची नोंदवही उघडी असावी. कोण, कोठे, कोणत्या वारी, किती तास व किती मानधनावर शिकवतो हे महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागावे. रविवारच्या समंत्रकाला त्याची भीती वाटणार नाही. ज्याला भीती वाटेल त्याचे उत्तर त्या भीतीतच आहे. दुसरी, आठवड्याला अशा तासांची मर्यादा ठरावी आणि स्वतःच्या वर्गातील विद्यार्थ्याला मोबदला घेऊन शिकवण्यास पूर्ण बंदी असावी. तिसरी, हाच नियम विद्यापीठाच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यालाही असावा. लिपिकाच्या अंगी शिकवण्याची पात्रता असेल, तर कार्यालयीन वेळेनंतर ती वापरण्यास त्याला मान खाली घालून परवानगी मागावी लागू नये. चौथी, मुक्त शिक्षण व विस्तारकार्य यांचे तास कार्यभारात अथवा पदोन्नतीच्या मूल्यमापनात धरावेत. पाचवी व सर्वांत महत्त्वाची, रिकामी पदे भरावीत. आणि ती भरेपर्यंत तासिकेचा दर अनुदान आयोगाने सुचवलेल्या दराखाली असू नये.

प्राध्यापकांच्या संघटनांनी या कामी पुढाकार घ्यावा, असे वाटते. अमरावती हे या चळवळीचे जुने ठाणे आहे. येथील प्रा. बी. टी. देशमुख यांनी १९८० ते २०१० अशी तीस वर्षे विधान परिषदेत शिक्षकांचे प्रश्न मांडले. आजचा शिक्षक जे वेतन घेतो ते कोणी दान म्हणून दिलेले नाही; ते संघटित आग्रहाने मिळवलेले आहे. ज्या संघटनेने वेतनाचा हक्क मिळवला, तिनेच त्या वेतनातील चाळीस तासांचा हिशेब मांडला, तर बाहेरच्या टोमण्यांना उत्तर देण्याची गरज उरणार नाही. शिवाय तासिकेवरच्या सहकाऱ्यासाठी शासनापुढे उभे राहताना तिच्या शब्दाला वेगळेच वजन येईल. स्वतःचा वर्ग भरलेला ठेवणाऱ्या शिक्षकालाच रिकाम्या पदांविषयी जाब विचारण्याचा अधिकार आहे.